कारभाऱ्याला माणसाळवताना

आक्का, तुझा कारभारी आत्ता माझ्या मागच्या अंगणात आहे. पाय दुमडून बसलाय, पण कान उभे. समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली की उठतो, गल्लीतून स्कूटर गेली की उठतो, नळाला पाणी येऊन बादली वाजली तरी उठतो. तो उठला की मीही उठते. मशीनवर ब्लाउजची बाही अर्धीच राहते. साखळी बघते, गेटची कडी बघते, नात ओवी कुठे आहे ते बघते आणि परत येऊन बसते, तोवर पुन्हा कुणीतरी बादली आपटतं. तुझं तेरावं होऊन थोडेच आठवडे झालेत, त्यामुळं लोकांना वाटतं मी दुःखानं अशी झालेय. केडगावात शेजारीपाजारी सगळे मला समजून घेतात. खरं सांगू का, मला दुःख करायला अजून सवडच मिळालेली नाही. दिवसभर मी फक्त भीत असते.

"मंदे, तू जल्माची भित्री," असं तू म्हणाली असतीस. म्हण. 

तुला आठवतं, पिल्लू आणलंस तेव्हा नाव ऐकून मी फोनवर किती हसले होते? "घरात कारभारी नको का कुनी? दाजी तुझे गेले, आता ह्योच कारभारी," असं तू अगदी सरळ आवाजात म्हणालीस. दाजींना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. वस्तीवर तू एकटी, दोन गाई, विहीर, कांदा साठवायची चाळ आणि पारनेरकडचा तो मोकळा माळ. वाडीतल्या बायका पाण्याला आल्या की मुद्दाम विचारायच्या, "आक्का, कारभारी जेवले का?" आणि तू म्हणायचीस, "जेवले, आता पान मागत्यात."

त्या दिवाळीला मी आले तेव्हा ते पिल्लू माझ्या पायात घोटाळत होतं. साडीचा काठ ओढत होतं. तांबूस रंग, एक कान पडलेला. माझ्या मांडीवर येऊन झोपलं सुद्धा. तू चुलीपासून उठलीस, त्याला माझ्या मांडीवरून उचललंस आणि दाराबाहेर नेऊन बांधलंस.

"असू दे की," मी म्हटलं.

"नगं. सवय लागंल."

"कसली सवय?"

"मानसांची."

आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि शेवटपर्यंत मिटलं नाही. आमच्याकडं जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई ब्लाउज शिवून घ्यायला येतात. त्यांनी मला सांगितलं होतं, पिल्लू लहान असतं त्या थोड्या महिन्यांतच त्याला सगळं दाखवून घ्यायचं. माणसं, पोरं, गाड्या, टोपीवाले, काठीवाले, छत्रीवाले. तेव्हा जे बघितलं ते त्याला आपलं वाटतं. राहून गेलं ते पुढं जन्मभर परकं. मी हे तुला सांगितलं. एकदा नाही, प्रत्येक फोनला सांगितलं. तू ऐकून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "मानसाळल्यालं कुत्रं काय कामाचं? चोराच्या हातची भाकर खाईल आन त्येलाच शेपूट हालवंल."

"अगं, पण तो रागीट नाही होणार, भित्रा होईल. भित्रं कुत्रं जास्त चावतं."

"माज्या कारभाऱ्याला भित्रा म्हनती! बिबट्या फिरतोय हितं, मंदे. तुझ्या केडगावात फिरतोय का?"

बिबट्या फिरत होता हे खरं होतं. कुणाच्या शेळ्या नेल्या, कुणाचं वासरू नेलं, तू सांगत राहायचीस. त्यापुढं माझं काय चालणार? कोणी आलं की तू कारभाऱ्याला आखूड बांधायचीस. शेजारच्या वस्तीवरचे सोपानराव रोज डेअरीच्या टेम्पोला दूध घालायला जाताना तुझा कॅन घेऊन जायचे. इतक्या रोजच्या माणसालाही तू बांधाच्या पलीकडंच उभं करायचीस. कॅन तू नेऊन द्यायचीस. कुत्रा साखळी ताणून भुंकत राहायचा आणि तू सोपानरावांना कौतुकानं म्हणायचीस, "बघा कसा हाय!" रात्री त्याला मोकळं सोडायचीस आणि सकाळी धार काढायच्या आधी बांधून टाकायचीस. रोज न चुकता.

त्या सकाळी तू बांधायच्या आधीच पडलीस.

मला हे लिहिताना हात थांबवावा लागतोय. पण तुला ठाऊकच नाही तिकडं काय काय झालं, आणि सांगायला माझ्याशिवाय कुणी नाही, म्हणून सांगते.

टेम्पोची वेळ झाली, तू आली नाहीस, गाई हंबरत होत्या. सोपानराव बांधावरून हाका मारत आले. तू गोठ्याच्या तोंडाशी पडलेली, बादली कलंडलेली, आणि तुझ्या अंगाशी कारभारी. ते पुढं झाले तसा तो त्यांच्या अंगावर धावून आला. पुन्हा मागं जाऊन तुझ्यापाशी उभा. त्यांनी वाडीतून माणसं बोलावली. चार-सहा जण काठ्या घेऊन आले. कुणी भाकरी टाकली, त्यानं तोंड लावलं नाही. तूच शिकवलेलं. कुणी दगड मारला, तो पायाला लागला तरी हलला नाही. कुणीतरी म्हणालं, कुऱ्हाड आणा. तेव्हा सोपानरावांनी मला फोन लावला.

"ताई, आक्का पडल्यात. जित्या हायेत, पन ह्यो जवळ जाऊ देईना. तुमी बोला त्येच्याशी. तुमचा आवाज आक्कांसारखा हाय."

मी स्वयंपाकघरात उभी होते. आपला आवाज सारखा, हे आपल्याला लहानपणापासून लोक सांगायचे. आई सुद्धा दाराआडून फसायची. पण मी काय बोलू? सोपानरावांनी फोन मोठ्या आवाजावर टाकला, कांद्याच्या रिकाम्या चाळीत आतल्या बाजूला ठेवला आणि सगळ्यांना मागं सारलं. मी हाक मारली, "कारभारी..." तुझ्यासारखी, शेवटचं अक्षर लांबवून. "कारभारी, ये बाळा, ये." मी हाका मारत राहिले. आधी नुसती कुजबुज ऐकू येत होती. मग नखांचा आवाज आला, मग अगदी जवळ धापा, मग फोनवर त्याचं नाक घासल्याचा आवाज. आणि मग चाळीचं दार बंद झाल्याचा आवाज.

तुला उचलून जीपमध्ये घालत होते. सोपानरावांचा फोन चाळीतच राहिला होता. मला चाळीबाहेरचं काही कळायला मार्ग नव्हता. ह्यांनी रिक्षा आणायला धाव घेतली होती. आणि मी फोन कानाला लावून उभी, कारण तो दाराला धडका देत होता आणि मधूनच फोनपाशी येऊन कुं-कुं करत होता. मी त्याच्याशी बोलत राहिले. "गप, गप राजा, आहे मी." म्हणजे ज्या वेळी तू सुप्याच्या रस्त्याला लागली होतीस, त्या वेळी तुझी बहीण तुझ्या आवाजात तुझ्या कुत्र्याशी बोलत होती. तुझ्याशी नव्हती बोलत. नगरच्या दवाखान्यात आम्ही पोचलो तर तू आधीच गेली होतीस. वाटेतच.

मी डॉक्टरांना विचारलं, "थोडं आधी आणलं असतं तर?" त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "असं सांगता येत नाही, बाई." तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यात फिरतंय. कधी वाटतं, सांगता येत नाही म्हणजे वाचली असती. कधी वाटतं, नसतीच वाचली, ते मला बरं वाटावं म्हणून बोलले. आक्का, तुझ्यावर मी इतकी चिडले होते की तुझ्या तोंडात पाणी घालतानाही माझ्या मनात तेच होतं. म्हटलं होतं ना तुला! म्हटलं होतं ना, त्याला माणसं दाखव!

दहाव्याला सगळे जमले तेव्हा कुत्र्याचं काय करायचं यावर बोलणं निघालं. तो चाळीपाशी बांधलेला होता, खात नव्हता. दाजींचा पुतण्या म्हणाला, "काकूला खाल्ली त्यानं. माळशेजच्या घाटात सोडून येतो." दुसरा म्हणाला, "सोडता कशाला, औषध घाला." सगळे माझ्याकडं बघायला लागले. खरं सांगते, क्षणभर मला ते पटलं. मी उठून त्याच्याकडं गेले ते शेवटचं बघावं म्हणून गेले असेन. त्यानं मला बघून दात काढले. मग मी बोलले, आणि त्याचे दात मिटले. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला आणि मग माझ्या मागं बघायला लागला. तू माझ्या मागं असशील असं त्याला वाटलं.

मी त्याला घेऊन आले. टेम्पोत, तोंडाला बैलाचं जुनं मुसकं बांधून.

ह्यांनी दारातच सांगितलं, "मंदा, ओवी आहे घरात." मला का ते माहीत नव्हतं? मुलगा आणि सून कामावर जातात, दिवसभर चार वर्षांची पोर माझ्या हवाली. त्यात शिवणाच्या बायका दिवसभर येत-जात. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. लस टोचून गेल्या, नीट बसणारं मुसकं देऊन गेल्या. त्या म्हणाल्या, "वेळ गेलीय काकू, पण सगळी नाही गेली. घाई करू नका. माणूस लांबून दाखवायचं आणि त्याच वेळी खायला द्यायचं. तो घाबरला की माणूस अजून लांब न्यायचं. कुणाला हात लावू द्यायचा नाही. कुत्र्याला नव्हे, आधी माणसांना शिकवा."

तर आता मी माणसांना शिकवते. दारावर पाटी लावलीय. बायकांना सांगते, त्याच्याकडं बघू नका, हात पुढं करू नका, सरळ आत या. रोज सकाळी मी त्याला घेऊन अंगणाच्या कोपऱ्यात बसते, हातात भाकरीचे तुकडे. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते, एक तुकडा. भाजीवाला ओरडतो, एक तुकडा. शाळेची पोरं पळत जातात, तेव्हा तो थरथरतो आणि तुकडा तोंडातून पडतो. मग आम्ही आत जातो. एखादा दिवस बरा जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. परवा गॅसवाला सिलिंडर आपटून उतरवायला लागला, तर यानं साखळीचा खिळा भिंतीतून निम्मा उपटला. समोरच्या शिंदेबाई गॅलरीतून म्हणाल्या, "मंदाताई, तुमच्या दुःखात काही बोलू नये, पण माझी नातवंडं खाली खेळतात. काही झालं तर मी महापालिकेत तक्रार करणार." त्यांचं काय चुकलं? त्यांच्या जागी मी असते तर केव्हाच केली असती.

आणि मग ते झालं, ज्याची मला रोज भीती होती.

मी एका बाईचं माप घेत होते. ओवी टीव्हीपुढं होती. टेपचं टोक दातात धरलं होतं आणि एकदम मला जाणवलं की टीव्हीपुढं कुणी नाही. मागचं दार उघडं. मी धावले. ओवी त्याच्या पुढ्यात उभी होती, साखळीच्या आत, हातात बिस्कीट. ऊन होतं म्हणून मी सकाळीच मुसकं काढून ठेवलेलं. ओरडले असते तर तो बिथरला असता, धावले असते तरी बिथरला असता. ओवी म्हणाली, "आजी, हा खातच नाही."

मी त्याच्याकडं बघितलं. तो भिंतीला पाठ लावून इतका मागं सरकला होता की भिंतीत शिरायचा राहिला होता. शेपूट पोटात. मान वळवलेली, पोरीकडं बघायची हिंमत नाही. आणि त्याच्या पायाखाली ओल पसरत होती. एवढा मोठा तुझा कारभारी, चार वर्षांच्या पोरीला बघून मुतला, आक्का.

मी हळू आवाजात म्हटलं, "ओवी, बिस्कीट खाली ठेव आणि माझ्याकडं चालत ये. पळू नको." ती आली. मी तिला कडेवर घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. माप द्यायला आलेली बाई मला पाणी देत होती. संध्याकाळी घरात जे व्हायचं ते झालं. सुनेनं ओवीला उचलून आत नेलं, आणि तेच मला जास्त लागलं. ह्यांनी मागच्या दाराला वर, हात पोचणार नाही अशी कडी बसवली.

भांडणात मीच जिंकले. तो भित्राच होता. तू असतीस तर लगेच फोन करून सांगितलं असतं. आता जिंकून काय करू?

गेल्या आठवड्यात सोपानराव आले. मार्केटयार्डात कांदा घालून परत चालले होते. तुझ्या गाई आता त्यांच्याच गोठ्यात आहेत, ते तुला आवडेल. मी त्यांना आत या म्हटलं, तर ते गेटशीच थांबले. "त्येला बघायचं हुतं," म्हणाले. काठ्यावाल्या माणसांना बोलावून आणणारे हेच होते. मी त्याला मुसकं घातलं, साखळी मनगटाला गुंडाळली आणि म्हटलं, बघा, पण लांबून. सोपानराव शहाणे. ते अंगणाच्या पार टोकाला, आमच्याकडं पाठ करून, पायरीवर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

कारभारी गुरगुरला. मग थांबला. नाक वर करून हुंगायला लागला. त्यांच्या धोतराला, सदऱ्याला तुझ्या गाईंचा वास असणार. तो एकेक पाऊल टाकत गेला, मीही त्याच्यामागं, मनगट दुखेपर्यंत साखळी आवळून. त्यानं मुसक्यातून नाक त्यांच्या पाठीला लावलं. सोपानराव हलले नाहीत. पण त्यांचे खांदे हलत होते. म्हातारा माणूस रडत होता, आवाज न करता.

पाठमोरेच ते बोलायला लागले. मी विचारलंही नव्हतं.

"ताई, तुमाला सांगू नका म्हनल्या हुत्या आक्का. पन आता कुनाला लपवायचं. ह्ये पिल्लू आनायच्या आदी, एकदा सांजच्याला दोन गडी मोटरसायकलवर आलं. पानी मागितलं. आक्का पानी आनाया आत गेल्या तर एक जन मागूमाग घरात शिरला. कोयता दावला. गळ्यातली बोरमाळ वढून घेतली. मी वरडन्याचा आवाज ऐकून पळत आलो तवर गेलं बी हुतं. लई दिस दारात बसून ऱ्हायच्या त्या. जेवन न्हाई, झोप न्हाई. म्हनल्या, मंदीला कळलं तर मला केडगावला उचलून नेईल, मग ह्यांच्या जमिनीत कोन ऱ्हाईल."

बोरमाळ. आईची. तू मला सांगितलंस, पाणी शेंदताना तुटून विहिरीत पडली. आणि मी तुला धांदरट म्हटलं होतं. बिबट्याचं नाव पुढं करत होतीस तू, आणि मीही किती सहज बिबट्यावर विश्वास ठेवला! तुला जनावराची भीती नव्हती. दारात येऊन पाणी मागणाऱ्या माणसाची होती. म्हणून तर त्या पिल्लाला तू एकाही माणसावर विश्वास ठेवू दिला नाहीस. मला भित्री म्हणायचीस, आणि तू स्वतः एवढी भीती घेऊन त्या माळावर एकटी राहत होतीस. सांगायचं होतंस गं. नसतं नेलं उचलून. कदाचित नेलं असतं. हो, नेलंच असतं.

मग मी सोपानरावांना विचारलं, जे कुणालाच विचारलं नव्हतं. "त्याच्यामुळं उशीर झाला का हो?"

त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. "डाक्तरला ठावं न्हाई त्ये मला काय ठावं असनार. पन एक सांगतो. आमी लांब उभं हुतो तवा आक्काचा हात त्येच्या मानंवर हुता. बोटं हालत हुती. तुमचा आवाज आला तसा त्यो चुळबुळला, पन जाईना. मग आक्कांनीच त्येला ढकलला. जा म्हनल्यागत. म्या बघितलं."

आक्का, हे खरं आहे का? की माझं तोंड बघून त्या भल्या माणसानं सांगितलं? मी ते किती वेळा मनात घोळवलंय. खरं असेल तर तू शेवटी माझा आवाज ऐकलास. खरं असेल तर शेवटच्या वेळी तू एकटी नव्हतीस, तुझा हात उबदार कशावर तरी होता. आणि त्या उबेला तूच जा म्हणालीस. मी हे खरं मानायचं ठरवलंय. रात्रीपर्यंत टिकतं, सकाळी पुन्हा शंका येते.

मी त्याला इथंच ठेवतेय. घरात अजून सगळ्यांना पटलेलं नाही. राखणीला म्हणून नाही ठेवत, राखायला आमच्याकडं काय आहे? तुझ्या हातचं एवढंच माझ्याकडं उरलंय, आणि तेही असं, रोज जीव टांगणीला लावणारं. तुझ्यासारखंच. धाकटी म्हणून मला अंगाखांद्यावर खेळवलंस, माझ्या लग्नात दाजींच्या मागं लागून मला मशीन घेऊन दिलंस, त्यावर माझं घर चाललं. ते कधी बोलून दाखवलं नाही मी. आपण भांडायलाच फोन करायचो.

आज सकाळी मी पहिल्यांदा त्याला गेटाबाहेर काढलं. ह्यांनी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना जरा थांबवलं. शिंदेबाई गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या, नातवाला धरून. मुसकं घातलेलं, साखळी दोन्ही हातांत. तो उंबऱ्यावर बसूनच राहिला. मी ओढलं नाही. मलाही पाऊल टाकवत नव्हतं. समोरून एक बाई सायकल हातात धरून चालत गेली, त्यानं अंग चोरलं आणि माझ्या पायाला येऊन टेकला. सगळा भार टाकून. त्याचं काळीज माझ्या पिंढरीवर धडधडत होतं आणि माझं कुठं धडधडत होतं ते मला कळत नव्हतं.

आम्ही तसेच उभे राहिलो. बाई वळणाच्या पलीकडं गेली. रस्ता रिकामा झाला. मग त्यानं खाली वाकून रस्ता हुंगला, एक पाऊल टाकलं, थांबून माझ्याकडं वळून बघितलं. मी म्हटलं, "हो, चल." माझ्याच आवाजात म्हटलं, आक्का. तो निघाला.